आम्ही यहूदी नाही, मग तोरा किती पाळायची?

प्रश्न: आम्ही पुण्यात राहणारं मराठी ख्रिस्ती कुटुंब. वर्षभरापूर्वी मी आणि नवरा मोशेची पाच पुस्तकं, म्हणजे तोरा, नीट वाचायला बसलो, मग यूट्यूबवर तोरा शिकवणाऱ्यांचे व्हिडिओ बघायला लागलो. आता घरात शनिवार पाळतो. डुक्कर, कोलंबी, खेकडे बंद केलेत. सासूबाई अलिबागच्या, त्यांना हे अजिबात पटलेलं नाही. नवऱ्याला शर्टाला गोंडे लावायचेत, दाराला मेझुझा (तोरातली वचनं ठेवलेली डबी) ठोकायचा आहे आणि यंदा मंडळीत वल्हांडणाचं भोजन घालायचं आहे. पाळक म्हणतात, तुम्ही पुन्हा नियमशास्त्राच्या जुवाखाली चाललात. मुलगी विचारते, आपण आता यहूदी झालो का? किती पाळावं आणि कुठे थांबावं?

उत्तर: ताई, मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात नेमका प्रश्न तिचाच आहे. तिला सरळ सांगा, नाही झालो. होणारही नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. मग तिला निर्गमचा अठरावा अध्याय वाचून दाखवा.

त्या अध्यायात इथ्रो येतो. मोशेचा सासरा, मिद्यानचा याजक, पक्का परराष्ट्रीय. परमेश्वराने इस्राएलासाठी काय केलं ते ऐकून तो आनंदतो, अर्पण आणतो, अहरोन आणि वडीलधाऱ्यांच्या पंगतीला देवासमोर बसून भाकर खातो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलेल्या जावयाला चार व्यवहाराच्या गोष्टी सुनावतो, आणि जावई त्या मुकाट ऐकतो. शेवटच्या वचनात इथ्रो आपल्या देशी परत जातो. आता गंमत बघा. वर्षभराच्या वाचनासाठी यहूद्यांनी तोराचे ५४ भाग पाडलेत, आणि ज्या भागात सीनायवरच्या दहा आज्ञा येतात त्या भागाचं नाव ‘इथ्रो’ आहे. इतक्या मोठ्या प्रसंगाच्या दारावर पाटी लागली ती पाहुण्याच्या नावाची.

तुमच्या-माझ्यासारख्यांनी कुठे बसायचं ते माझ्या मते त्या पंगतीत ठरलंय. बसायचं, जेवायचं, आनंद करायचा. यजमान असल्याचा आव आणायचा नाही.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की मी नगरचा, धंदा बांधकामाच्या ठेकेदारीचा, आणि तरुणपणापासून आठवड्याचा तोराभाग वाचत आलोय. मी रब्बी, म्हणजे यहूदी धर्मगुरू, नाही, पाळकही नाही. त्यामुळे पुढचं बोलणं साइटवरच्या माणसाचं आहे असं समजा.

तुमचे व्हिडिओवाले बहुधा गणना १५ दाखवत असतील, की देशात जन्मलेल्याला आणि उपऱ्याला एकच नियम. वचन आहे, खरं आहे. पण तो उपरा इस्राएलात येऊन राहिलेला, त्यांच्यात मिसळलेला माणूस आहे. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून तो उपरा होता येत नाही. आणि तोरा स्वतःच जागोजागी फरक करते. वल्हांडणाचं कोकरू बेसुंती माणसाने खायचं नाही, असं निर्गम १२ सांगतं. आपोआप मेलेलं जनावर तू खाऊ नकोस, परक्याला वीक, असं अनुवाद, म्हणजे मोशेचं पाचवं पुस्तक, चौदाव्या अध्यायात म्हणतं. तुम्ही अन्नाचे नियम ज्या अध्यायातून घेतलेत तोच हा अध्याय! निर्गम ३१ मध्ये शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा सातवा दिवस, ही देवाची इस्राएल लोकांशी कायमची खूण म्हटली आहे. दुसऱ्या बाजूला यशया ५६ मध्ये शब्बाथ पाळणाऱ्या परदेशीयांना देव आपल्या पवित्र डोंगरावर आणतो आणि प्रार्थनेच्या घरात त्यांना आनंदित करतो. म्हणजे दार उघडं आहे, सक्ती नाही. यातलं अर्धंच ऐकवणारे दोन्हीकडे भेटतात, व्हिडिओतही आणि व्यासपीठावरही.

प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये हाच तुमचा प्रश्न यरुशलेमच्या बैठकीत आला. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, मोशेचं सगळं पाळावं का? ती बैठक यहूद्यांचीच होती आणि निर्णयही त्यांनीच दिला. मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म यांपासून दूर राहा, बाकीचं ओझं तुमच्यावर नाही. पुढे याकोब म्हणतो की मोशे तर दर शब्बाथाला सभास्थानांत वाचला जातोच. यातून काही जण ‘म्हणजे हळूहळू सगळं पाळायचं’ असा अर्थ काढतात. मला तो ओढूनताणून काढलेला वाटतो. ऐकत राहा, शिकत राहा एवढंच तिथे दिसतं. पौलाची वागणूक बघा ना. तीमथ्याची आई यहूदी, म्हणून त्याची सुंता स्वतः केली. तीत ग्रीक, त्याची सुंता करायला साफ नकार दिला. माणूस एकच, श्रद्धा एकच, आणि दोघांना दोन वेगळी उत्तरं. यहूदी यहूदीच राहिला, ग्रीक ग्रीकच राहिला.

रब्बींचंही म्हणणं यापासून फार लांब नाही. त्यांच्या मते सगळ्या मानवजातीवर नोहाच्या सात आज्ञा आहेत. मूर्तिपूजा, देवनिंदा, खून, व्यभिचार, चोरी आणि जिवंत जनावराचा अवयव तोडून खाणं या सहा गोष्टी करायच्या नाहीत, आणि सातवी म्हणजे न्यायालयं नेमायची. तोरातल्या ६१३ आज्ञांचं जू इस्राएलवर. पण तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, रब्बी मेईर असंही म्हणतात की तोरा अभ्यासणारा परराष्ट्रीय प्रमुख याजकासारखा आहे. त्याच पानावर विरोधी मतही आहे, तेही लक्षात असू द्या.

आता शब्बाथ. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ठेकेदाराला शब्बाथ फार जवळून भेटतो.

दहा आज्ञा दोनदा येतात आणि शब्बाथाची कारणं दोन दिली आहेत. निर्गममध्ये कारण सृष्टीचं आहे, देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादमध्ये कारण गुलामीचं आहे. तू मिसरात दास होतास हे आठव, म्हणून तुझ्या दासाला, दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. आता मी शनिवारी घरी बसून स्तोत्रसंहिता वाचतोय आणि साइटवर माझे बिगारी घमेली उचलतायत, तर तो कसला शब्बाथ? ती मालकाची सुट्टी झाली. आणि साइट सरसकट बंद केली तर नाक्यावरून आलेल्या माणसाचा खाडा पडतो. त्याला माझ्या विसाव्याचं काय कौतुक? त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची असते.

मी केलं ते असं. आमच्याकडे साइटची सुट्टी बाजाराच्या दिवशी असायची. मुकादमाशी आणि गवंड्यांशी बोलून ती शनिवारवर आणली. कामाचे दिवस तेवढेच राहिले, कोणाचा रोज बुडाला नाही. हप्ता शुक्रवारी चार वाजता वाटतो. सूर्य मावळायच्या आत हजेरीची वही मिटलेली असते. डिसेंबरात इकडे सहालाच अंधारतं आणि जूनमध्ये सव्वासातपर्यंत उजेड असतो, पण हप्त्याची वेळ बारा महिने चारच. रविवारी काम चालू असतं, मी उपासना आटोपून जातो.

तरी सिमेंटला शब्बाथ कळत नाही. गुरुवारी स्लॅब पडला की शनिवारी त्यावर पाणी मारावंच लागतं, नाहीतर भेगा पडतात आणि वर राहणाऱ्याचा जीव टांगणीला. स्लॅबवर वाळ्या, म्हणजे बारीक बांधांचे चौकोन, करून त्यात पाणी साठवून ठेवलं तरी उन्हाळ्यात दुपारपर्यंत आटतं. म्हणून शनिवारी सकाळी पाइप घेऊन मी स्वतः जातो, कोणाला पाठवत नाही. वाळ्या भरतो आणि परत येतो. रब्बींनी शब्बाथाला मना केलेल्या कामांचे ३९ मूळ प्रकार सांगितलेत, त्यात बांधणं हा एक आहे. त्यांच्या मापाने माझा शनिवार म्हणजे शब्बाथ नव्हेच. तो तसा नसलेलाच बरा, असं त्यांचंही म्हणणं पडेल. परराष्ट्रीयाने यहूद्यासारखा काटेकोर शब्बाथ पाळू नये हे तालमूदचं मत आहे. रीतसर धर्मांतराची तयारी करणाऱ्या उमेदवारालाही धर्मांतर पुरं होईतो शब्बाथाला एखादं बारीकसं मनाई काम मुद्दाम करायला सांगण्याची प्रथा आहे. ते ऐकल्यापासून माझ्या पाइपाबद्दल मला काही वाटत नाही.

घरी तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी काय करता ते लिहिलं नाहीत. आमच्याकडे फोन कपाटात जातात, अनुवाद ६ मधलं ‘हे इस्राएला, श्रवण कर’ वाचून होतं, मग गणना ६ मधला आशीर्वाद मुलांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, आणि जेवायला बसतो. मेणबत्त्या लावायला हरकत नाही, उजेड कोणाच्या मालकीचा नाही. पण मेणबत्त्या लावताना यहूदी स्त्री जी प्रार्थना म्हणते ती म्हणू नका. ‘ज्याने आम्हाला शब्बाथाचा दिवा लावण्याची आज्ञा केली’ असं त्यात म्हटलंय. ती आज्ञा तुम्हाला झालेली नाही, आणि देवासमोर खोटं कशाला बोलायचं? आपल्या शब्दांत आभार माना. मराठीत मानलेले आभारही पोचतात.

आणि सगळ्या आज्ञांत मला आधी काय पाळावंसं वाटतं म्हणाल तर मजुरी. लेवीय १९:१३. मजुराचा रोज रात्रभर सकाळपर्यंत तुझ्यापाशी राहू नये. अनुवाद २४ मध्ये तर कारणही दिलंय, तो गरीब आहे, त्याचा जीव त्या मजुरीकडे लागलेला असतो. रब्बी यावर विचारतात, हा माणूस शिडी चढला, झाडाला लटकला, मरणाच्या दारात गेला, तो मजुरीसाठीच ना? परांचीवर उभ्या असलेल्या रंगाऱ्याकडे खालून कधी बघितलंत तर हे वाक्य दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्या घरी कामाला बाई येत असतील. त्यांचा पगार एक तारखेला हातात पडतो का? ‘सुट्टे नाहीत, उद्या घ्या’ असं होतं का? सणाच्या आधी त्यांनी उचल मागितली तर तोंड वाकडं होतं का? फ्रिज दुरुस्त करणारा पोरगा काम करून गेला, त्याचे पैसे ‘साहेब आल्यावर’ म्हणून चार दिवस राहिले का? शनिवार पाळणारं घर यात नापास झालं तर मला त्या शनिवाराचं फारसं काही वाटत नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते म्हटलंय, ते थेट या आज्ञेतून आलंय. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात येशूचा मालकही मजुरी संध्याकाळीच वाटतो. ऐकणाऱ्यांना त्यात नवल वाटलं नसणार, नवल वाटलं असेल ते सगळ्यांना सारखी दिली म्हणून.

दुसरी माझी आवडती आज्ञा अनुवाद २२:८. नवं घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, कोणी पडून तुझ्या घरावर रक्ताचा दोष येऊ नये. रब्बी मोशे बेन मैमोन, ज्यांना रामबाम म्हणतात, ते बाराव्या शतकात याचं माप सांगतात. उंची किमान दहा तळहातांच्या रुंदीइतकी, म्हणजे हिशोबाला साधारण पाऊण ते एक मीटर, आणि टेकून उभं राहिलं तरी ढळू नये इतका भक्कम. आपल्या बांधकाम नियमांतही कठडा मीटरभरच असतो. आज्ञा कठड्यापुरती थांबत नाही. तालमूदमध्ये रब्बी नाथान याच वचनावरून सांगतात की घरात चावरा कुत्रा पाळू नये, डगमगती शिडी ठेवू नये. साइटवरची मोडकी शिडी मी ‘आजच्या दिवस चालेल’ म्हणत नाही, कापून टाकतो, म्हणजे कोणाला मोह होत नाही. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर टाकीपाशी कठडा तुटलाय का, जिन्यातला दिवा बंद आहे का, बाल्कनीतली कुंडी बाहेरच्या बाजूला तर नाही ना? हे बघायला हिब्रू यावं लागत नाही.

इथे एक जाता जाता. लेवीय वाचताना लोक कंटाळतात, मी नाही. चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर हिरवट-तांबूस डाग उठतात, याजक येऊन पाहणी करतो, सात दिवस घर बंद, मग खराब दगड काढून घर खरवडायचं, नवा गिलावा करायचा, आणि डाग परत आला तर घर पाडायचं. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल धरलेले किती फ्लॅट मी बघितलेत! पण त्यातलं एक वाक्य बघा. याजक यायच्या आधी घरातलं सामान बाहेर काढून घ्यायचं, कारण त्याने घर अशुद्ध ठरवलं की आतलं सगळंच अशुद्ध. मिश्ना, म्हणजे तालमूदचा मूळ गाभा, म्हणते, वाचवायचं काय असतं, तर मातीची मडकी, कारण बाकीचं धुऊन घेता येतं. गरिबाच्या मडक्यांची इतकी काळजी करणारं पुस्तक कोरडं कसं म्हणायचं?

आता सासूबाई आणि कोलंबी.

तुम्ही करताय ते कोशेर नव्हे. कोशेर म्हणजे विशिष्ट पद्धतीने कापलेलं, रक्त काढायला मीठ लावून ठेवलेलं मांस, दूध-मांसाची भांडी वेगळी, असं मोठं प्रकरण आहे. तुम्ही काही प्राणी वर्ज्य केलेत एवढंच. ते जरूर करा. वर्ज्य करणं ही देवासाठीची शिस्त म्हणून चांगली आहे, मीही डुक्कर खात नाही. पण सासूबाईंच्या ताटाकडे बघून नाक मुरडलंत तर आईबापांचा मान राखण्याची आज्ञा मोडली, आणि ती दहांतली आहे. त्यांनी कालवण केलं तर तुमच्यासाठी पापलेट वेगळा ठेवायला सांगा. खवले आणि पर दोन्ही असलेला मासा आहे, अडचण नाही. त्या अलिबागच्या आहेत, म्हणजे इस्राएल आळी त्यांना ठाऊक असेलच. तिथलं मागेन अबोथ सभास्थान १८४८ चं. त्या आळीतल्या लोकांची एक जुनी आख्यायिका सासूबाईंना सांगून बघा. दाविद रहाबी नावाचा यहूदी कोकणात आला, हे लोक खरंच आपले का ते पारखायला त्याने बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले, आणि त्यांनी खवले-पर असलेले तेवढेच निवडून बाजूला केले. कोकणातली बाई मासे निवडायची गोष्ट लक्ष देऊन ऐकते, भांडण आपोआप मऊ होतं.

त्या आळीवरून मूळ मुद्द्याकडे येतो. तोरा मराठीत जगून दाखवणारे लोक आपल्या शेजारी शेकडो वर्षं राहिले. बेने इस्राएल. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. नव्या वर्षाला नव्याचा सण, प्रायश्चित्ताच्या दिवसाला दरफळणीचा सण, पुरीमला होळीचा सण अशी त्यांच्या सणांची नावं. हिब्रू पुस्तकं जवळ नव्हती, तरी ‘श्रवण कर’ची प्रार्थना त्यांनी टिकवली. मुंबईत १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी पहिलं सभास्थान बांधलं. कालवणात मांस असेल तर दुधाऐवजी नारळाचा रस. याहून मराठी काय असू शकतं? आणि तुमच्या व्हिडिओतला अमेरिकन माणूस घशातून ख काढून ‘हलाखा’ (यहूदी धर्मनियम) म्हणतो, तेव्हा तुम्हाला वाटतं की हे काहीतरी लांबचं आहे.

हे सांगायचं आणखी एक कारण आहे. तोरा शिकवणाऱ्यांतला एक गट सांगतो की आपण परराष्ट्रीय विश्वासणारे म्हणजे खरं तर इस्राएलचे हरवलेले दहा वंश, एफ्राइमचं घराणं. तुमच्या घरात हे अजून आलं नसेल तर येऊ देऊ नका. बेने इस्राएल १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले, तिथे त्यांच्या लग्नांवरून ‘हे पुरते यहूदी का’ अशी शंका काढली गेली. पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळलेल्या माणसांना धरणं धरावं लागलं, तेव्हा कुठे १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत यहूदी असल्याचा ठराव केला. आणि आपण एक व्हिडिओ बघून एफ्राइम? रोमकरांस ११ मध्ये पौल परराष्ट्रीयांना रानटी जैतुनाची फांदी म्हणतो आणि लगेच बजावतो, फांद्यांपुढे ताठा मिरवू नकोस. तू मुळाला आधार देत नाहीस, मूळ तुला देतं.

म्हणून गोंडे आणि मेझुझा या दोन्हींना माझं उत्तर नको असं आहे. गणना १५ मध्ये गोंड्यांची आज्ञा ‘इस्राएल लोकांना सांग’ अशीच सुरू होते. मेझुझा म्हणजे चर्मपत्रावर लेखनिकाने हाताने, ठरलेल्या शाईने लिहिलेला मजकूर. ऑनलाइन मिळणारी डबी आणि आत छापील कागद ही त्याची नक्कलसुद्धा नाही. त्यापलीकडे, शर्टाला गोंडे लोंबत असलेला माणूस रस्त्यात यहूदी म्हणूनच ओळखला जातो, आणि मुंबईत यहूदी म्हणून ओळखलं जाण्याची किंमत २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाऊस या यहूदी केंद्रात मोजली गेली. सभास्थानांत आज बाहेरच्याला ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. ज्याची जोखीम आपण घेत नाही ती खूण अंगावर मिरवू नये. नवऱ्यांना जखऱ्या ८:२३ दाखवा. तिथे राष्ट्रांतली दहा माणसं एका यहूदी माणसाचा पदर धरून म्हणतात, आम्ही तुमच्याबरोबर येतो, देव तुमच्याबरोबर आहे असं आम्ही ऐकलंय. पदर त्याचा आहे. आपल्या हातात फक्त तो धरणं आहे.

वल्हांडणाचं भोजन मंडळीत घालू नका. याबाबतीत मी जरा कडक आहे. आजचा सेदेर, म्हणजे चार पेले, प्रश्न, कडू भाजी, क्रमाने सांगितलेली कथा, याची घडण मुख्यतः इ. स. ७० साली मंदिर पडल्यानंतरची आहे. त्यामुळे ‘येशूने शेवटच्या भोजनात नेमकं हेच केलं’ असं सांगून प्रत्येक पदार्थाला ख्रिस्ती अर्थ चिकटवणं इतिहासाला धरून नाही. आणि ख्रिस्ती युरोपात वल्हांडणाच्या आसपासच यहूद्यांवर ख्रिस्ती मुलं मारल्याचे खोटे आळ आले, बाराव्या शतकात इंग्लंडमधल्या नॉर्विचपासून ते सुरू झाले आणि त्यांत शेकडो वर्षं माणसं मेली. त्यांच्या घरातलं ते ताट आपण उचलून आपल्या हॉलमध्ये मांडायचं आणि वर त्यांना त्याचा अर्थ शिकवायचा, हे शोभत नाही. एखाद्या यहूदी घरातून बोलावणं आलं तर मात्र जरूर जा, आणि यजमान सांगतील तसं करा. मंडळीत निर्गम १२ ते १५ मोठ्याने वाचा. पुण्यात १८७४ साली हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे सेदेरला वाचायचं पुस्तक, छापली गेली, तिच्या चित्रांत नऊवारीतल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. ती चित्रं मुलीला दाखवा, तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

लाल देऊळ तर तुमच्या गावातच आहे, डेव्हिड ससून यांनी बांधलेलं ओहेल दाविद सभास्थान, १८६७ मध्ये पुरं झालेलं. बघायला जायचं असेल तर आधी परवानगी विचारा, आणि आत गेल्यावर येशूबद्दल साक्ष द्यायला लागू नका. एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळांतून बेने इस्राएल मुलांनी हिब्रू शिकलं आणि त्याबरोबर धर्मांतराचा आग्रहही सोसला. ती आठवण त्या समाजात आहे, सावधपणा साहजिक आहे.

पाळकांचं म्हणणं एका बाजूने बरोबर आहे. गलतीकरांस पत्र तुमच्या नवऱ्यांनी एकदा सलग वाचावं. पाळणं हे तारणाची अट झालं, किंवा न पाळणारे शेजारी कमी दर्जाचे वाटायला लागले, की पौल रागावलाच म्हणून समजा. पण ‘जुवाखाली’ म्हणून पाचही पुस्तकं मिटून ठेवायची असतील तर ते मला मान्य नाही. येशू दुसरी मोठी आज्ञा म्हणून ‘आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’ सांगतो, ती लेवीय १९:१८ मधलीच. रोजंदारीच्या आज्ञेपासून पाच ओळींवर! पाळकांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना तो अध्याय घेऊन एका संध्याकाळी घरी बोलवा. शेताच्या कडा गरिबांसाठी सोडणं, बहिऱ्याला शाप न देणं, आंधळ्यापुढे अडखळण न ठेवणं, चुगल्या करत न फिरणं, वजनमाप खरं ठेवणं, सगळं एकाच अध्यायात आहे. चुगलीवरच तुमची संध्याकाळ संपेल, कारण मंडळी म्हटली की ती आलीच.

वाचनाचा क्रम विचारलेला नाही, तरी सांगतो. वर्षाचं चक्र मांडवांच्या सणानंतर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, उत्पत्ती १ पासून नव्याने सुरू होतं, पण तोवर थांबायची गरज नाही. चालू आठवड्याचा भाग कोणत्याही यहूदी दिनदर्शिकेत सापडतो, तिथूनच धरा. प्रत्येक भागाचे सात तुकडे असतात, रविवारपासून रोज एक वाचला की शनिवारी भाग संपतो. सोबत संदेष्ट्यांतला जोडलेला उतारा वाचा. यहूदी भाष्य एक तरी शेजारी असू द्या. अकराव्या शतकातला फ्रान्समधला राशी सगळ्यात सोपा, थोडक्यात बोलतो आणि मुलं विचारतील तेच प्रश्न विचारतो. मराठीत पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर मिळालं तर तेही उघडून ठेवा. आणि वाचून झालं की त्या आठवड्यात करण्याजोगी एकच गोष्ट निवडा. पहिल्या आठवड्यासाठी मी सुचवतो, कामवाल्या बाईंचा हिशोब काढा. काही बाकी राहिलं असेल तर आज संध्याकाळच्या आत द्या.